दुरुस्ती कीं मोड? : संगणकाच्या पडद्याचा इतिहास

घरांतील तांब्याची घागर गळूं लागली म्हणजे पूर्वीं तिच्या दोनच गति असत. छिद्र लहान असलें तर त्यावर डाग देऊन ती पुन्हां पाणवठ्यावर जाई. आणि बूडच झिजून गेलें असलें तर ती कासाराच्या दुकानीं मोड म्हणून वजनावर जाई व वरती कांहीं रोख रक्कम घालून नवी घागर घरीं येई. ह्या व्यवहारांत निर्णय करणें फारसें अवघड नव्हतें. डाग देण्याची मजुरी ठाऊक असे, मोडीचा भाव ठाऊक असे, आणि भट्टींत गेलेलें तांबें तांबेंच राहून पुन्हां भांड्याच्या रूपानें परत येत असे. वस्तु कामाची उरली आहे कीं नाहीं हें ठरविण्यास घरची गृहिणी व गांवचा कासार एवढे दोघे पुरेसे होते.

संगणकाचा पडदा, ज्यास सर्वत्र मॉनिटर ह्या नांवानेंच ओळखतात, तो बिघडला असतां मात्र हा जुना हिशेब लागू पडेना. त्यांत कांच आहे, तांबें आहे, शिसें आहे, प्लास्टिक आहे, अत्यल्प प्रमाणांत मौल्यवान धातुहि आहेत; परंतु हीं सर्व द्रव्यें एकमेकांत अशीं गुंतलेलीं आहेत कीं तीं वेगळीं करण्याचा खर्च पुष्कळदां त्यांच्या किंमतीहून अधिक होतो. म्हणून ‘हा दुरुस्त करावा कीं मोडींत काढावा’ हा मूळचा घरगुती प्रश्न पाहतां पाहतां कायदेमंडळांत, न्यायालयांत आणि आंतरराष्ट्रीय परिषदांत जाऊन पोहोंचला. तो तेथवर कसा गेला ह्याची हकीकत बोधप्रद आहे.

ह्या पडद्याचा मूळपुरुष म्हणजे किरणनलिका. जर्मन पदार्थविज्ञानवेत्ता कार्ल फर्डिनंड ब्राउन ह्यानें १८९७ सालीं स्ट्रासबुर्ग येथें ती सिद्ध केली. रेडिओच्या श्रोत्यांनीं हें नांव ध्यानांत ठेवण्यास आणखीहि एक कारण आहे. बिनतारी संदेशविद्येंतील कामगिरीबद्दल १९०९ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मार्कोनी व हाच ब्राउन ह्या दोघांस विभागून मिळालें होतें. निर्वात नळींत मागील बाजूनें इलेक्ट्रॉनांचा झोत सोडावयाचा, तारेच्या वेटोळ्यांतील चुंबकशक्तीनें तो हवा तिकडे वळवावयाचा, आणि समोरच्या कांचेवर लाविलेल्या चमकणाऱ्या द्रव्यावर तो आदळवून प्रकाशाचा ठिपका उमटवावयाचा, अशी ही रचना. दूरचित्रवाणीचा पडदा ह्याच तत्त्वावर निर्माण झाला. आणि १९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारांत आला तेव्हां त्याच्यासोबतचा हिरव्या अक्षरांचा पडदाहि ह्याच कुळांतला होता.

पुढील सर्व वादाचें मूळ ह्या नळीच्या घडणींतच आहे. रंगीत नळींत सुमारें २५,००० व्होल्टचा दाब असतो. इतक्या दाबानें इलेक्ट्रॉन आदळले म्हणजे क्ष-किरण उत्पन्न होतात, आणि ते बाहेर पडूं नयेत म्हणून नळीच्या मागील नरसाळ्यासारख्या भागाच्या कांचेंत जवळजवळ एक पंचमांश किंवा त्याहूनहि अधिक शिशाचें ऑक्साइड मिसळलेलें असतें. समोरच्या जाड कांचेंत बेरियम व स्ट्राँशियम ह्या धातूंचीं संयुगें असतात. नळी शाबूत आहे तोंवर तें शिसें समोर बसणाऱ्याचें रक्षणच करीत असतें. परंतु कांच फुटून तिचा चुरा झाला कीं तेंच शिसें धुळीच्या व पाण्याच्या वाटेनें माणसाच्या शरीरांत शिरूं शकतें. अर्थात् नळी कोणीं, कोठें व कशी फोडली, ह्यावर पुष्कळ कांहीं अवलंबून राहतें.

आरंभीच्या काळांत पडदे महाग होते, आणि म्हणून दुरुस्तीविषयीं कोणाच्या मनांत शंकाच येत नसे. टी. व्ही. दुरुस्त करणारा मेकॅनिकच मॉनिटरहि उघडी, कारण दोहोंचें रोगनिदान एकच होतें. उच्च दाब निर्माण करणारा ट्रान्सफॉर्मर, ज्यास आपल्याकडील मेकॅनिक एल. ओ. टी. म्हणतात, तो जळे; उष्णतेनें कथलाचे डाग सैल होत; कंडेन्सर सुकून जात; एखादा ट्रान्झिस्टर उडे. ह्या रोगांवर औषध स्वस्त होतें. किंमत होती ती ज्ञानाची व सावधपणाची. वीज बंद केल्यावरहि नळीमध्यें दाब साठून राहतो, म्हणून प्रथम तो जमिनींत सोडावयाचा आणि मगच आंत हात घालावयाचा, हा ह्या धंद्यांतला पहिला धडा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अशा सुट्या भागांची विक्री वर्षानुवर्षें चालत आली आहे.

नळीच जुनी होऊन चित्र अंधुक पडूं लागलें तरीहि उपाय होता. नळीची मान कापून आंतील झोत सोडणारी ‘गन’ काढावयाची, नवी बसवावयाची, हवा उपसून घ्यावयाची आणि मान पुन्हां वितळवून बंद करावयाची. अमेरिकेंत दूरचित्रवाणीच्या नळ्यांसाठीं हें काम करणारे कारखाने गांवोगांव होते. त्यांपैकीं तेथील शेवटचा, आयोवा राज्याच्या डी मॉइन शहरांतील हॉक-आय नांवाचा कारखाना, २०१० सालीं बंद झाला, आणि त्याचीं यंत्रें ओहायो राज्यांतील एका दूरचित्रवाणी संग्रहालयाकडे गेलीं. आपल्याकडे दिल्लीच्या भंगारबाजारांत टाकलेल्या मॉनिटरांच्या नळ्या तपासून त्यांतील धडधाकट नळ्या स्वस्त टी. व्ही. संचांत बसवीत असत. टॉक्सिक्स लिंक ह्या संस्थेनें २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत त्याची नोंद आहे. म्हणजे ज्यास एका देशांत कचरा म्हणत त्यासच दुसऱ्या बाजारांत कच्चा माल म्हणत.

हा क्रम दोन कारणांनीं बिघडला. पहिलें कारण किंमतीचें. आशियांतील मोठ्या कारखान्यांमुळें नवा पडदा इतका स्वस्त झाला कीं पाश्चात्य देशांत मेकॅनिकच्या दोन तासांच्या मजुरींत व नव्या पडद्याच्या किंमतींत फारसें अंतर उरलें नाहीं. दुसरें कारण चपट्या पडद्याचें आगमन. द्रवस्फटिक ह्या पदार्थाचा शोध १८८८ सालीं प्राग येथें फ्रीड्रिख रायनिट्झर ह्यास लागला होता, आणि त्याचा पडदा १९६८ सालीं अमेरिकेच्या आर. सी. ए. कंपनीनें दाखविला होता; परंतु तो टेबलावरील मॉनिटरच्या रूपानें घरोघर शिरला तो एकविसाव्या शतकाच्या आरंभीं. तेव्हां जड व अवाढव्य नळीचे पडदे कचेऱ्यांतून ढिगांनीं बाहेर पडूं लागले. त्यांतील सर्वच मोडलेले नव्हते. कित्येक तर चालू होते. ते केवळ नकोसे झाले होते.

आतां सरकारांस हालचाल करावी लागली. मॅसॅच्युसेट्स राज्यानें एप्रिल २००० पासून असे पडदे कचऱ्याच्या खड्ड्यांत पुरण्यास बंदी केली. कॅलिफोर्निया राज्यानें २००३ सालीं कायदा करून १ जानेवारी २००५ पासून प्रत्येक नव्या पडद्यावर आकाराप्रमाणें ६ ते १० डॉलर आकार बसविला, आणि त्या निधींतून जुने पडदे गोळा करणारांस व ते मोडणारांस मिळून पौंडामागें ४८ सेंट देण्याचें ठरविलें. हेतु निःसंशय चांगला होता. परंतु हे पैसे मिळण्यासाठीं पडदा ‘रद्द’ झाला पाहिजे, म्हणजे पुन्हां वापरतां येणार नाहीं अशा रीतीनें फोडला अथवा खोलला गेला पाहिजे, अशी अट होती. चालू असलेला किंवा एका डागानें चालू होण्यासारखा पडदा गरजूच्या हातीं दिला तर त्या निधींतून कांहींच मिळत नसे; तो फोडला तर वजनावर पैसे मिळत. सरकारी पैशाची उधळपट्टी होऊं नये म्हणून घातलेल्या ह्या अटीमुळें मोडींत काढणें हाच किफायतीचा धंदा झाला, आणि दुरुस्तीची बाजू लंगडी पडली.

दुसरी वाट समुद्रापार जात होती. घातक कचरा श्रीमंत देशांतून गरीब देशांत लोटला जाऊं नये ह्यासाठीं १९८९ सालीं बाझल येथें आंतरराष्ट्रीय करार झाला व तो १९९२ सालीं अंमलांत आला. अमेरिकेनें त्यावर सही केली, परंतु त्यास कायदेशीर मान्यता अद्यापि दिलेली नाहीं. २००२ सालीं दोन अमेरिकन संस्थांनीं चीनच्या ग्वांगडुंग प्रांतांतील ग्वीयू गांवाची हकीकत जगापुढें मांडली. तेथें मजूर नळीच्या मानेवरील तांब्याचें वेटोळें काढण्यासाठीं नळ्या हातोड्यानें फोडीत आणि शिशाची कांच कालव्यांच्या कडेला टाकून देत. तांबें विकलें जाई. विष गांवांत राही. २००५ सालीं नायजेरियांतील लागोस बंदरासंबंधीं असाच अहवाल निघाला. तेथें दरमहा सुमारें ५०० कंटेनर जुनीं यंत्रें उतरत, आणि त्यांतील ७५ टक्क्यांपर्यंत माल निरुपयोगी असतो असें तेथील व्यापारीच सांगत होते. ह्या मालावर कागदोपत्रीं शब्द असत ते ‘पुनर्वापरासाठीं’ व ‘दुरुस्तीसाठीं’ असे.

हे शब्द खोटेहि असूं शकत ह्याचा पुरावा न्यायालयांतहि आला. डेन्व्हर शहराजवळील एक कंपनी, जुनीं यंत्रें देशांतच योग्य रीतीनें मोडतो असें सांगून गिऱ्हाइकांकडून तीं घेई व परदेशीं धाडून देई. २००८ सालीं एका दूरचित्रवाणी वार्ताहरानें तिचा कंटेनर हाँगकाँगपर्यंत माग काढून दाखविला. खटल्यांत पुढें आलें कीं ३०० हून अधिक कंटेनर बाहेर गेले होते आणि त्यांपैकीं सुमारें १६० कंटेनरांत मिळून एक लाखाहून अधिक किरणनलिका होत्या. डिसेंबर २०१२ मध्यें कंपनी व तिचे अधिकारी दोषी ठरले.

परंतु एवढ्यावरून ‘दुरुस्तीसाठीं जाणारा प्रत्येक पडदा म्हणजे लबाडी’ असा निष्कर्ष काढणें अन्यायाचें होईल. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागानें आफ्रिकेसंबंधीं २०११ सालीं जो अहवाल प्रसिद्ध केला त्यांतील घाना देशाचे आंकडे ह्या दृष्टीनें फार बोलके आहेत. २००९ सालीं तेथें आलेल्या विजेच्या उपकरणांपैकीं सुमारें ७० टक्के जुनीं होतीं. ह्या जुन्यांपैकीं सुमारें ३० टक्के बंद अवस्थेंत आलीं; आणि ह्या बंद मालापैकीं सुमारें निम्मा तेथील कारागिरांनीं दुरुस्त करून विकला, उरलेला निम्मा मात्र दुरुस्तीपलीकडचा निघाला. अर्थात् शंभर जुन्या वस्तूंपैकीं पंधरा खऱ्या कचरा, पंधरा कारागिराच्या हातीं जिवंत झालेल्या, आणि बाकीच्या सत्तर मुळांत चालूच. लागोसच्या इकेजा भागांतील संगणकांची बाजारपेठ अशाच कारागिरांनीं उभी केली आहे. सरसकट बंदी घातली तर ह्या लोकांचा धंदा बुडतो. सरसकट मोकळीक दिली तर त्या पंधरा वस्तूंचें शिसें तेथील मुलांच्या वांट्याला येतें. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि ह्या प्रश्नाची खरी अडचण तीच आहे.

ही अडचण सोडविण्यासाठीं बाझल कराराच्या सभासदांनीं २०१५ सालीं, कचरा कोणता व वापरण्याजोगी वस्तु कोणती हें ओळखण्याचीं मार्गदर्शक तत्त्वें तूर्त म्हणून मान्य केलीं. वस्तु तपासलेली आहे काय, तिच्या स्थितीचा दाखला सोबत आहे काय, वाटेंत ती फुटूं नये अशी बांधणी केली आहे काय, ती दुरुस्त करणारा कोण व त्याच्याशीं करार काय, असे साधे प्रश्न त्यांत आहेत. दुरुस्तीचें निमित्त पुढें करून पुन्हां कचराच येईल, ही आशिया व आफ्रिका खंडांतील कांहीं देशांची भीति ह्या तत्त्वांनीं पुरती गेली नाहीं. पुढें २०२२ सालीं करारांत दुरुस्ती होऊन १ जानेवारी २०२५ पासून विजेच्या उपकरणांचा सर्वच कचरा, घातक असो वा नसो, घेणाऱ्या देशाच्या पूर्वसंमतीवांचून धाडतां येत नाहीं.

मोडींत काढण्याचा मार्ग तरी निर्धोक होता काय? कासाराच्या भट्टीस जसें नव्या घागरीचें गिऱ्हाइक लागतें, तसें नळीच्या कांचेसहि नव्या नळीचें गिऱ्हाइक लागतें. जोंवर जगांत नव्या नळ्या होत होत्या तोंवर जुनी कांच वितळवून तिची पुन्हां नळी करीत. ह्या साखळीचा एक शेवटचा दुवा महाराष्ट्राशीं जोडलेला होता. औरंगाबाद, म्हणजे आतांचें छत्रपति संभाजीनगर, येथें वाढलेल्या व्हिडिओकॉन कंपनीनें २००५ सालीं फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा नळ्यांचा व्यवसाय विकत घेतला होता, आणि तिच्या गुजरातेंतील भरूच येथील कांचेच्या कारखान्याकडे अमेरिकेंतून जुनी कांच येत असे. नळीच्या पडद्याची मागणी संपली तशी ही भट्टीहि ह्या कांचेस मिटली. मग घेणारा कोणी उरला नाहीं. ओहायो राज्यांत कोलंबस येथें एका कंपनीनें कांचेंतून शिसें वेगळें काढूं असें सांगून माल जमविला व अखेर २०१६ च्या सुमारास दहा कोटि पौंडांहून अधिक कांच गोदामांत तशीच सोडून दिली. त्या मालाचे दाम आधींच मोजलेले होते आणि कागदोपत्रीं त्याची वासलातहि लागलेली होती. घेणारा नसेल तर मोड ही मोड राहत नाहीं, ती नुसती रास होते.

चपट्या पडद्यानें प्रश्नाचें रूप बदललें, पण प्रश्न मिटला नाहीं. त्यांत शिशाची कांच नाहीं; तथापि पूर्वीच्या चपट्या पडद्यांमागें उजेडासाठीं पारा असलेल्या बारीक दिव्यांच्या कांड्या असत, आणि त्या फुटूं न देतां काढणें हें नाजूक काम आहे. पुढें त्यांची जागा एल. ई. डी. दिव्यांनीं घेतली. ह्याच सुमारास, २००० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत, निकृष्ट कंडेन्सरांची एक सांथच जगभर पसरली होती. पडदा लागे व लगेच विझे, किंवा लागतच नसे. मागचें झांकण काढलें तर डोकें फुगलेले तीन-चार कंडेन्सर दिसत, आणि ते बदलले कीं पडदा पूर्ववत् चाले. असे कितीतरी पडदे केवळ कोणी झांकण न उघडल्यामुळें भंगारांत गेले. उलट, समोरची कांचच तडकली असेल तर त्या पडद्यास उपाय नाहीं. कारण नव्या कांचेची किंमत जवळजवळ नव्या पडद्याएवढीच पडते.

ह्याउपर एक हिशेब असा आहे कीं तो दुकानांत दिसत नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठानें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, १७ इंची नळीच्या पडद्यासह एक संगणक तयार करण्यास किमान २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायनें आणि १,५०० किलो पाणी लागतें असें आढळलें. इंधनाचें हें वजन त्या संगणकाच्या वजनाच्या जवळजवळ दसपट होतें. पडदा मोडून कांच, तांबें व प्लास्टिक हातीं येईल. परंतु तो घडवितांना जळलेलें इंधन मोडींतून परत मिळत नाहीं. तें वाचतें फक्त तोच पडदा अधिक वर्षें चालविल्यानें. ह्याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. नळीचा पडदा चपट्याच्या दुपटीच्या आसपास वीज खातो. म्हणून जेथें तो दिवसभर जळत असतो अशा कचेरींत त्यास निरोप देणें सयुक्तिक ठरे. जेथें तो संध्याकाळीं तासदोनतास लागतो अशा घरीं तो दुरुस्त करणेंच बहुधा शहाणपणाचें ठरे.

कायदाहि अलीकडे ह्या विचाराकडे हळूहळू वळत आहे. युरोपीय संघानें २०१९ सालीं नियम करून मार्च २०२१ पासून पडद्यांच्या उत्पादकांवर, माल बाजारांत येण्याचें थांबल्यावरहि किमान सात वर्षें महत्त्वाचे सुटे भाग कारागिरांस पुरविण्याचें बंधन घातलें. भारतांत ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ सालीं झाले व मे २०१२ पासून ते लागू झाले. २०२२ सालच्या नव्या नियमांनीं, जे एप्रिल २०२३ पासून अंमलांत आहेत, जुनें उपकरण दुरुस्त करून पुन्हां वापरांत आणणारासहि नोंदणी व प्रमाणपत्र ह्यांची व्यवस्था केली. त्या प्रमाणपत्रानें उत्पादकाची मोडीची जबाबदारी संपत नाहीं, ती तेवढा काळ पुढें जाते. ही योजना न्याय्य दिसते. कारण दुरुस्त झालेला पडदाहि एक दिवस मोडीला जाणारच. पण नियम एकीकडे आणि व्यवहार दुसरीकडे, हें अंतर अजून मोठें आहे. २०२२ सालीं जगांत ६ कोटि २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला, आणि त्यांपैकीं रीतसर गोळा होऊन मोडल्याची नोंद आहे ती केवळ २२.३ टक्क्यांची.

ह्या इतिहासावरून बिघडलेल्या पडद्याच्या मालकास एक क्रम सहज घालून घेतां येईल. प्रथम झांकण जाणत्या माणसाकडून उघडवावें आणि रोग कोणता तें पाहावें. रोग विद्युत्मंडलांतला असेल तर दुरुस्ती करावी. पडद्याची कांच फुटली असेल अथवा नळीच थकली असेल तर चालू भाग दुसऱ्याच्या उपयोगीं लावावे. त्यानंतर जें उरेल तें न फोडतां, नोंदलेल्या संस्थेच्या हातीं द्यावें, आणि शक्य असेल तर तें पुढें कोठें जातें हेंहि विचारावें. कॅलिफोर्नियांत पहिली पायरी वगळून शेवटच्या पायरीलाच पैसा जोडला गेला, तर बंदरांतून निघालेल्या कंटेनरांत शेवटच्या पायरीवरचा माल पहिल्या पायरीच्या नांवानें गेला. दोहोंकडे झांकण उघडून पाहणारा माणूस तेवढा नव्हता.

तो माणूस आतां दुर्मिळ होत चालला आहे, ही ह्या कथेंतील सर्वांत मोठी हानि होय. कांच गोदामांत पडून राहिली तरी ती उद्यां वितळवितां येईल. परंतु नळीची मान कापून ती पुन्हां जोडणारा हात, अथवा नुसत्या वासावरून जळलेला एल. ओ. टी. ओळखणारा कारागीर, एकदां गेला म्हणजे तो मोडींतून पुन्हां घडवितां येत नाहीं. गांवांत कासार होता म्हणूनच घागर गळूं लागल्यावर गृहिणीस विचार करावयास दोन वाटा होत्या. दुरुस्ती करणारा शेजारीं उरला नाहीं, तर निवड करण्याचा प्रश्नच उरत नाहीं. प्रत्येक बिघडलेली वस्तु ही आपोआप मोडच ठरते.